हनुवटीवरचा पांढरा ठिपका

कुणाचाही फोटो हातात आला की लोक आधी चेहरा बघतात, मग साडी बघतात, मग मागच्या पडद्यावर रंगवलेला बगीचा बघतात. मी आधी खालचा ओठ आणि हनुवटी यांच्या मधली जागा बघते. तिथे काही लपवलंय का, काही राहून गेलंय का, याची खात्री झाल्याशिवाय माझी नजर पुढे सरकत नाही. नातीच्या बारशाचे फोटो आले तेव्हाही तेच झालं. सून म्हणाली, "आई फोटो बघत नाहीत, झडती घेतात." म्हणू दे. ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली ते कामच संशयावर चालायचं.

मी रिटचिंग करायची. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो, म्हणून आधी तेच सांगते. त्या काळी स्टुडिओत फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार व्हायची. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे, गोरा माणूस कोळशासारखा. ही निगेटिव्ह मी उतरत्या टेबलावरच्या दुधी काचेवर ठेवायची, खाली आरसा लावून खिडकीचा उजेड वर घ्यायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलनं तिच्यावर काम करायची. निगेटिव्हवर जिथे काळं कराल तिथे फोटोत उजळ येतं. देवीचे व्रण, मुरमांचे खड्डे, डोळ्यांखालची सावली, सगळं पेन्सिलनं बुजवायचं. मग कागदावर प्रिंट आली की तिच्यावर धुळीचे बारीक पांढरे ठिपके पडलेले असायचे. तेही ब्रशनं रंग लावून मिटवायचे. गिऱ्हाईक घरी जायचं आणि म्हणायचं, फोटो झकास आलाय. माझा हात त्यात कुठे फिरला हे त्याला कळायचं नाही, आणि कळू द्यायचं नाही हाच आमच्या कामाचा नियम होता.

आमचा स्टुडिओ अंधेरी पूर्वेला, मरोळ नाक्याच्या अलीकडे. मालक मालवणकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. जागा पहिल्या मजल्यावर, आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आमची जमीन थरथरायची आणि खिडक्या बंद असल्या तरी पिठाचा बारीक धुरळा वर यायचा. अण्णा दिवसभर ओल्या फडक्यानं कॅमेरे पुसत गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मला ही नोकरी लागली ती दुसऱ्या एकाच्या चुकीमुळे. माझ्या आधी त्या टेबलावर एक नवा माणूस होता. हाताला सफाई होती त्याच्या. पण कुंकू निगेटिव्हवर मोकळ्या ठिपक्यासारखं दिसतं, अगदी मुरमाच्या खड्ड्यासारखं. त्यानं एका बाईच्या चेहऱ्यावरचे सगळे खड्डे बुजवले आणि त्याच नादात तिचं कुंकूही बुजवून टाकलं. नवरा तिकडे आखातात कामाला, त्याला पाठवायला काढलेला फोटो. त्या घरातल्या बाया स्टुडिओत येऊन जे बोलल्या ते ऐकून खालची गिरणीसुद्धा थांबली होती म्हणतात. अण्णांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, "गो शालू, खड्डो भरूच्या आधी इचार, ह्यो खड्डो आसा काय आणखी काय." तेव्हापासून माझा कुठल्याच ठिपक्यावर विश्वास राहिला नाही.

माणसं कशाकशासाठी यायची! मरोळ गावठाणातला एकजण भावाशी वाटणीवरून भांडला आणि घरातला एकुलता एक ग्रुप फोटो घेऊन आला. म्हणाला, "ह्याला काढून टाका." मी भावाच्या जागी क्रोटनची कुंडी रंगवली. त्या काळात स्टुडिओत कुठेही कुंडी खपून जायची. पुढे दोघांचं जमलं, तेव्हा हा परत आला, "आता त्याला परत घाला ना." मी म्हटलं, "काढलेला माणूस परत येत नाही. कुंडीला पाणी घालत जा." तो हसला नाही. मला मात्र त्या दिवशी स्वतःच्या हाताची थोडी भीती वाटली होती, हे खरं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि रंगीत फोटोंची लाट आली. आधी रंगीत रोल शहरातल्या मोठ्या लॅबला पाठवावे लागायचे आणि आठवडाभर वाट बघावी लागायची. मग अंधेरी पश्चिमेला, स्टेशनजवळ, काचेच्या दाराची एसी लॅब उघडली. आत एक मोठं मशीन. एका बाजूनं रोल घालायचा, दुसऱ्या बाजूनं तव्यावरच्या पोळ्यांसारख्या गरम प्रिंट बाहेर पडायच्या. ते मशीन चालवायचा किरीट नावाचा घाटकोपरचा गुजराती मुलगा. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरे मोजे. तो आमच्या स्टुडिओत आला की आधी बोटानं टेबलावरचं पीठ पुसून बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा, आमच्या लॅबमदे एक कण नाय मिळनार तुमाला."

मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

अण्णा आणि तो फोटो धुवायच्या काळोख्या खोलीच्या पडद्याआड उभे राहून हळू आवाजात बोलायचे. मी आले की दोघं गप्प. एकदा मी बाहेर उभी असताना किरीट म्हणाला, "पन त्या बाईचं आनि टेबलचं काय करनार?" अण्णा काय म्हणाले ते गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून मी माझ्या पेन्सिली, चाकू, ब्रश सगळं पिशवीत घालून रोज घरी न्यायला लागले. टेबल नेता येत नव्हतं म्हणून, नाहीतर तेही नेलं असतं. अण्णांना ते दिसत होतं. एकदा म्हणाले, "तुझा टेबल खंय जाऊचा नाय गो." जे कुठे जाणार नाही त्याबद्दल माणूस कशाला बोलेल, असं मला वाटलं.

धंद्यात आणखी एक बदल होत होता आणि तो मला मशीनपेक्षा जास्त टोचत होता. लोकांना आमचा संशय यायला लागला होता. आजवर जे हात फिरवण्यासाठी आमच्याकडे यायचे, तेच आता म्हणायचे, "ब्लॅक अँड व्हाइट नको, त्यात तुम्ही लोक बनवता. रंगीत द्या." लग्नाच्या मुलींचे फोटो तर सगळे रंगीत मागायला लागले. मुलाकडच्यांना मुलीचा खरा रंग बघायचा असायचा. रंगीत फोटो खोटं बोलत नाही, असा एक समज कुठून तरी पसरला होता.

आमच्या चाळीत तावडे म्हणून होते. मरोळच्या एमआयडीसीत एका कंपनीत लेथवर काम करायचे. त्यांची थोरली सुनंदा माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. सावळी, हसरी, आणि तोंडानं जरा फटकळ. तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा तिचा पहिला फोटो आमच्याकडेच काढला, ब्लॅक अँड व्हाइट. तिच्या चेहऱ्यावर मी डोळ्यांखालची सावली थोडी हलकी करण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं, करायची गरजच नव्हती.

तो फोटो मुलुंडच्या एका घरी गेला. मुलगा बँकेत, स्वतःची खोली, तावडेंच्या दृष्टीनं फारच चांगलं स्थळ. मुलुंडहून निरोप आला, मुलगी पसंतीला उतरेल असं वाटतं, पण एक रंगीत फोटो पाठवा. अण्णांनी काढला. रोल किरीटच्या लॅबमध्ये धुऊन आला, त्यातला चांगला फोटो निवडला, आणि त्याची निगेटिव्हची पट्टी अण्णांनी पाकिटात घालून मोठ्या प्रिंटसाठी परत लॅबला पाठवली. आणि इथे जे पूर्वी कधी झालं नव्हतं ते झालं. प्रिंट माझ्या टेबलावर आल्याच नाहीत. तावडे घाईत होते, ते स्वतःच लॅबमध्ये गेले, प्रिंटचं पाकीट घेतलं आणि तिथूनच मुलुंडला पोस्टानं पाठवून मोकळे झाले.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, जिन्यावरून तावडे वर आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या मागे सुनंदा, आणि सुनंदाच्या मागे नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेल्या, जाड चष्म्याच्या एक बाई. मुलाची आई. नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, आमच्याकडे त्यांचं नाव मुलुंडच्या बाई असंच पडलं. त्या सकाळीच न कळवता तावडेंच्या घरी येऊन थडकल्या होत्या आणि तिथून दोघांना घेऊन थेट स्टुडिओत.

त्यांनी पर्समधून दोन फोटो काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. "हा काळा-पांढरा. हा रंगीत. आता मला सांगा, ह्यातला खरा कुठला?"

अण्णांनी चष्मा लावला. मी वाकून बघितलं. रंगीत फोटोत सुनंदाच्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, एक पांढरा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याहून लहान. रोज तिचा चेहरा बघणाऱ्या बापाला तो दिसला नव्हता. पण शोधणाऱ्या माणसाला दिसला होता.

"कोड आहे ना मुलीला?" बाई म्हणाल्या.

हा शब्द एकदा घराच्या दारात आला की काय होतं ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. सुनंदाचं लग्न तर राहिलंच, धाकट्या दोघींचीही तीच गत. कोड म्हणजे काय, तर कातडीचा रंग गेलेला. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागतही नाही. पण लोक ताट वेगळं काढायचे.

मी म्हटलं, "बाई, ही धूळ आहे. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर तेवढीच जागा पांढरी राहते."

"मग काळ्या-पांढऱ्यात धूळ कशी नाही?"

"ती मी ब्रशनं काढते."

तोंडातून शब्द निघाले आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काढणाऱ्या तुम्हीच. मग तुम्ही काय काढलं नि काय ठेवलं हे मी कशावरून मानू?"

"शालू, माका सांग, तू पोरीच्या हनुवटीक हात लावलंस काय नाय?" अण्णांनी विचारलं. अण्णांनी! इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्यांचाही पूर्ण विश्वास बसलेला नाही. काम चोख केलं की मागे खूण राहत नाही, आणि खूण राहत नाही म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्या हाताची एवढी चीड मला पूर्वी कधी आली नव्हती.

"अहो, पण मुलगी समोर उभी आहे," तावडे कसेबसे म्हणाले. "बघा की तिची हनुवटी."

"हल्ली काय काय लावतात तोंडाला." बाई स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, मला हौस नाही लोकांच्या पोरी तपासायची. थोरल्याच्या वेळी मुलगी गावची, बघायला दीर गेले, मी फोटोवर हो म्हटलं. अंतरपाट खाली आला तेव्हा कळलं, मुलीच्या डोळ्यात फूल आहे, बुबुळावर पांढरा डाग. फोटोत नव्हतं ते. सून गुणाची आहे, माझ्याकडेच आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फसवलं ते फसवलंच ना? कुणीतरी तुमच्यासारखंच बसून ते फूल काढलं असेल की नाही?"

डोळ्यातलं फूल मी काढलेलं नव्हतं, पण तशी फुलं मी काढलेली होती.

सुनंदा तोवर भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. मला एकच मार्ग दिसत होता आणि तो माझ्या मुळावर येणारा होता. लॅबमधून परत आलेली निगेटिव्हची पट्टी मी कपाटातून काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"ही बघा. एकेक चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी आहे. ह्यात तिचा चेहरा मुगाच्या डाळीएवढा. माझ्या पेन्सिलचं टोक ह्याच्यावर ठेवलं तर हनुवटीच काय, अर्धा गाल झाकला जाईल. रंगीत निगेटिव्हवर माझा हात चालत नाही. माझं काम ह्याच्यात नाहीच. तुम्ही लॅबमध्ये चला, हीच पट्टी मशीनमध्ये घालू, तुमच्या डोळ्यांसमोर फोटो निघेल. मध्ये कुणाचा हात नाही."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मालकासमोर उभं राहून, माझं काम आता नाही, असं मी माझ्याच तोंडानं सांगितलं होतं. पण बाई उठल्या. "मशीनचं असेल तर मानीन," म्हणाल्या.

दोन रिक्षा करून आम्ही पश्चिमेला गेलो. किरीटनं सगळं ऐकून घेतलं, पांढरे मोजे चढवले आणि पट्टी उजेडाला धरून भिंगातून बघितली. मग माझ्याकडे वळला.

"शालूबेन, कण हाय. हितंच हाय अजून. पन हा आमचा नाय. हे पीठ हाय. हे तुमच्या चक्कीचं."

"तुझ्याच मशीनमधला कचरा असेल," मी म्हटलं.

"आमच्या मशीनमदे ज्वारी नाय दळत, बेन."

तो कण कुठला हा वाद आमच्यात पुढे कितीतरी वर्षं चालला आणि अजून मिटलेला नाही. मला आजही वाटतं की त्याच्याच लॅबमधली धूळ होती. असो. त्यानं रबरी फुग्यानं हवा मारली, मऊ ब्रश फिरवला आणि पट्टी मशीनमध्ये सरकवली. मुलुंडच्या बाई मशीनच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, कुणी मधेच काही बदलेल की काय अशा नजरेनं. थोड्या वेळानं प्रिंट बाहेर आली. किरीटनं ती सरळ बाईंच्या हातात दिली.

हनुवटी स्वच्छ होती.

तावडेंनी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण बाई प्रिंटकडे बघत राहिल्या, मग सुनंदाकडे बघत राहिल्या. काउंटरवर पाण्याचा ग्लास होता. त्यांनी पदराचं टोक त्यात बुडवलं, पुढे झाल्या, डाव्या हातानं सुनंदाचं डोकं धरलं आणि उजव्या हातानं तिची हनुवटी घासायला लागल्या. भांडं घासावं तशी. लॅबमध्ये दोन-चार गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. सुनंदा हलली नाही. तिनं डोळे मिटून घेतले, बस्स. हनुवटी लाल झाली, पण पदराला काही लागलं नाही.

"नाही हो, काही नाही," बाई पदर बघत म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. "चांगली आहे मुलगी. रागावू नका तावडे, एकदा खात्री झाली की झालं. पुढच्या रविवारी या तुम्ही आमच्याकडे, बैठक उरकून घेऊ."

तावडे हात जोडायला लागले होते, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "मुलाचा फोटो आहे का तुमच्याजवळ?"

"आहे की," बाईंनी कौतुकानं पर्स उघडली. मुलाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता, मुलुंडच्या कुठल्यातरी स्टुडिओतला. सुनंदानं तो घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, हा कसा आहे?"

मी बघितलं. पेन्सिल सुरेख चालली होती. नाकाशेजारी आणि कपाळावर. कुणाचा तरी हात फार चांगला होता. तिथे काय होतं आणि काय बुजवलंय हे मला अंदाजानं सांगता आलं असतं. पण दुसऱ्याच्या टेबलावरचं आम्ही बाहेर बोलत नाही.

"निगेटिव्ह बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही," मी म्हटलं.

"तर मग," सुनंदा बाईंना म्हणाली, "तुम्ही निगेटिव्ह घेऊन या. आणि मुलालाही आणा. पाण्याचा ग्लास आमच्या घरी आहे."

किरीट मशीनमागे तोंड लपवून हसला. बाईंनी फोटो पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि काचेचं दार ढकलून निघून गेल्या. घरी गेल्यावर तावडे पोरीला नको नको ते बोलले, भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येत होतं. त्यांचंही काय चुकलं? ठिपका प्रिंटवरून गेला, पण तोंडातून निघालेला शब्द फुंकर मारून जात नाही. मुलुंड, भांडुपकडून येणारी स्थळं बंद झाली. कुणी कारण सांगत नव्हतं. कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

माझं टेबल त्याच वर्षी स्टुडिओतून गेलं. अण्णांनी त्या जागी रंगीत पडदे टांगले आणि मला म्हणाले, "किरीटाक तुझ्यासारखा माणूस हवा आसा. मी आधीच बोललंय तेका." किरीटच्या लॅबमध्ये माझं काम प्रिंट तपासायचं. मशीनमधून निघालेली प्रत्येक प्रिंट माझ्या हाताखालून जायची, ठिपका असेल तर परत मशीनला, आणि अगदीच हट्टी असेल तर ब्रशनं मिटवायचा. किरीट म्हणायचा, "शालूबेन, एवढी संशयी बाई मला सगळ्या मुंबईत नाय मिळनार." पडद्याआड अण्णा आणि किरीट माझी सोय लावत होते की मला काढायचं कसं ते ठरवत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अण्णा पुढे गावी गेले आणि तिकडेच वारले. विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी त्यांच्या उत्तरावर मी विश्वास ठेवला असता असं काही नाही.

दोनेक वर्षांनी सुनंदाचं लग्न झालं. तिच्या वडिलांच्याच कंपनीतला मुलगा, विलास. डबा द्यायला जाता येता दोघांनी एकमेकांना बघितलेलं, फोटो पाठवायचा प्रश्नच आला नाही. मी नेमकी गावाला गेलेली, लग्नाला जाता आलं नाही. आले तर रोल लॅबमध्ये आलेला. मला इतका आनंद झाला की मी त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

प्रिंट निघाल्या आणि माझं डोकं फिरलं. सप्तपदीचा फोटो, नवऱ्यानं नवरीचा हात धरलेला, आणि त्याच्या बोटांवर पांढरे ठिपके. मी प्रिंट किरीटला परत पाठवली. त्यानं हवा मारली, ब्रश फिरवला, पुन्हा काढली. ठिपके तसेच. "तुझं मशीन सडलंय," मी म्हटलं. त्यानं मशीन उघडून पुसलं. मग हार घालतानाचा फोटो, पुन्हा तेच. मला वाटलं, अक्षता चिकटल्या असतील. सुनंदाच्या अल्बममध्ये ठिपका जाऊ द्यायचा नाही असं मी मनाशी ठरवलेलंच होतं. मी ब्रश घेतला, कातडीच्या रंगाशी रंग जुळवला आणि एकेक बोट नीट केलं. डोळे दुखेस्तोवर काम केलं. इतकं मन लावून मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

दोघं एकत्रच आले फोटो न्यायला. सुनंदा काउंटरवर अल्बम उघडून बघायला लागली, मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कौतुक ऐकायला. दोन पानं उलटून ती थांबली.

"ताई, ह्यांचे हात कुठे गेले?"

मला कळेना. तेव्हा मी पहिल्यांदा विलासकडे नीट बघितलं. त्यानं काउंटरवर हात टेकले होते. दोन्ही हातांच्या बोटांवर, पेरापेरांशी, पांढरे ठिपके. कोड.

एका बाईनं धुळीला कोड म्हटलं म्हणून मी तिला दोन वर्षं नावं ठेवली होती. आणि मी, जिच्या नजरेतून कुठलाच ठिपका सुटत नाही असं सगळे म्हणायचे, मी कोडाला धूळ म्हटलं होतं. मशीनला शिव्या घातल्या, किरीटला शिव्या घातल्या. खड्डा भरण्याआधी तो खड्डा आहे का हे बघायचं, एवढंच तर अण्णांनी शिकवलं होतं.

विलास हसला. "राहू दे गं. छान दिसतायत की."

"नाही," सुनंदा म्हणाली. "ताई, परत आणा."

काढलेलं परत येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलं असेल. पण हा रंग पाण्याचा होता. मी कापसाचा बोळा घेतला, काउंटरवरच्या ग्लासात बुडवला आणि सप्तपदीच्या फोटोवर वाकले. एका बोटावरचा रंग निघाला. खालून पांढरं वर आलं. मग दुसरं बोट. तिसऱ्या बोटावरचा रंग निघेना, म्हणून मी जरा जोरात घासायला लागले.

सुनंदानं माझं मनगट धरलं.

"हळू, ताई," ती म्हणाली.